आप्पाच्या जीपचा उजेड

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर विभूतीचे दोन ठिपके हायत. निळ्या रंगावर, माज्या कमरंच्या उंचीला, एक हिकडं, एक तिकडं. कुनी नवीन आलं की इचारतं, काय गं हे, देवाचं हाय का. मी म्हनते व्हय. कुटं सांगत बसायचं. पन ते देवाचं न्हायत, जीपच्या लाईटचं हायत, समोरच्या सिद्रामाप्पानं काडलेलं. रंग देताना बी मी आमच्या ह्यांना म्हनलं, तेवडं सोडून फिरवा ब्रश.

आप्पा आमच्या नात्यातला न्हाय. आमी अक्कलकोट रोडला आतल्या अंगाला राहतो, पत्र्याची घरं हायत, आमचे हे टावेलच्या मागावर जात्यात, आनि आमच्या भिंतीच्या समोर आप्पाचं दार. मूळचा मैंदर्गीकडचा मानूस. घरात बायकूसंगं, म्हंजे अव्वासंगं, कानडी बोलायचा, गल्लीत मराठी, आनि जीपसंगं दोनी. उंच, वाळका, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, आनि शर्टाच्या खिशात कायम विभूतीची गोळी. ती कपाळाला बी चालायची आनि आमच्या भिंतीला बी.

जीप म्हंजे पांढरी मोठी गाडी, मागं आमनेसामने बाकडी असलेली. जनम तिच्यावर काडलेला. म्हातारपनी लांबची भाडी सोडली, मग सकाळी गल्लीतली पोरं शाळंला न्यायची, दुपारी कुनाचा दवाखाना, कुनाचा बाजार. संध्याकाळी जीप आमच्या भिंतीकडं तोंड करून लावायची, लाईट लावायची आनि खाली उतरून भिंतीवर दोन गोल कुटं पडल्यात ते बघायचं. ठिपक्यावर पडलं तर बरुबर. हे रोजचं. मी चुलीपुडं असले तरी खिडकीतनं पिवळा उजेड आत यायचा आनि मला कळायचं, आप्पा आला.

"उजेड ठिपक्याच्या वर गेला की समोरच्याच्या डोळ्यात जातो," आप्पा म्हनायचा, "आनि खाली पडला की आपुन खड्ड्यात जातो. मदी ऱ्हायाचं."

रस्त्यावर समोरनं गाडी आली की आदी डिपर आप्पाचा पडनार, लाईट खाली. ह्यो त्याचा नेम. समोरच्यानं खाली केला न्हाय तरी ह्याचा खाली. गल्लीत चालताना कुनी भेटलं तरी रामराम न्हाय का नमस्कार न्हाय, हात वर करून मूठ दोनदा उघडझाप करायची, डिपर मारल्यागत. पोरं बी तसंच करायला शिकली. आनि कायबी इचारा, जेवला का, बरं हाय का, एकच उत्तर, "यल्ला बरोबर ऐती." म्हंजे समदं बरुबर हाय. घरात पानी शिरलं तवा बी हेच, अव्वाचं हाड मोडलं तवा बी हेच.

माजी कार्तिकी झाली ती आप्पाच्या जीपमुळं. दिवस मावळायला कळा सुरू झाल्या, हे कामावर, सासू गावाकडं, रिक्षावाला माजं तोंड बघूनच पळाला. अव्वानं मला धरून मागच्या बाकड्यावर आडवी घातली. मी लई भ्यालेली, मला वाटलं आता काय मी वाचत न्हाय. आनि आप्पा पुडनं बोलायला लागला. थांबंचना. "पोरी, आता उडी हाय, बारकी हाय, हं गेली. आता डाव्या अंगाला खड्डा, मी उजवीकडनं घेतो. आता रूळ येत्यात, दात आवळ, एक, दोन, झालं. आता गुळगुळीत हाय रस्ता, श्वास घे." दवाखाना येईस्तवर समदा रस्ता मला सांगितला. मला काय दिसत न्हवतं, वरचा पत्राच दिसत हुता, पन पुडं काय येनार ते म्हाईत असलं की मानसाला धीर येतो. मला तवा आला.

ही त्याची सवयच. पोरं असू दे, म्हातारी असू दे, आप्पा रस्ता सांगत गाडी हाकायचा. "आता बैल हाय आडवा, शिंगं रंगिवल्यात बघा." "आता मंगळवेड्याची एसटी येतीय, तिचा डावा लाईट खाली बघतो, वळकायला सोपी." समोरच्या गाड्या त्यो लाईटवरनंच वळकायचा. ह्यो एका डोळ्यानं बारीक हाय, ह्यो दूधवाला. त्यो लांबनंच भांडायला आल्यागत हाय, त्यो वाळूवाला. पोरं हसून हसून पडायची.

मग दोन वर्सामागं दिवाळी झाल्यावर आप्पा म्हनायला लागला, जीपचा लाईट मंद पडतो.

आदी म्हनला काच पिवळी पडलीय. माज्याकडं आला, "पोरी, दात घासायची पेस दे की जराशी." मी म्हनलं, आप्पा, दात हायत कुटं तुमाला. हसला. पेस लावून, फडक्यानं घासून घासून काचा लखलखीत केल्या. संध्याकाळी भिंतीवर उजेड मारला आनि म्हनला, "न्हाय, मंदच हाय." मग मोठ्या पावरचं बल्ब आनलं. चार दिवस झालं की पुन्ना मंद. मग वायर बदलली, बॅटरीपासनं वेगळी आनली. तरी मंद. मग पांढरं एलईडी बल्ब आनलं. पयल्या दिवशी ते लावलं तवा माज्या खिडकीतनं असा उजेड आत आला की पाळन्यातलं बारकं दचकून रडाय लागलं. कोळ्याचं जाळं, भिंतीचा पोपडा, समदं दिसाय लागलं. मी पदर डोळ्यावर घेऊन भाईर आले तर आप्पा भिंतीपुडं उभा आनि म्हनतोय, "काय तरी फशिवलं मला. ह्यो बी मंदच."

मी अव्वाकडं बगितलं. अव्वानं दुसरीकडं बगितलं.

तितं माज्या मनात पाल चुकचुकली. आमचे हे म्हनतात, तुला समद्यांचाच संशय, कुकरची शिट्टी झाली तरी भाईर बघतीस. असंल. सातवीपतूर शिकलेली बाई मी, मला बल्बातलं काय कळतं. पन भिंत माजी हाय. तिच्यावर उजेड दर खेपंला वाढत चाललाय हे मला दिसत हुतं, आनि आप्पाला दर खेपंला कमी दिसत हुता.

आदी मला संशय आला बल्बवाल्याचा. रशीदभाई, नाक्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. म्हातारा बघून जुनं बल्ब गळ्यात मारत असंल. म्हनून एक दिवस बाजारातनं येताना मी मुद्दाम तितं थांबले, कडंवर बारकं, हातात पिशवी. आप्पा तितंच हुता. रशीदभाई बोनेटात वाकून म्हनत हुता, "आप्पा, और कित्ता उजाला होना तुमना? सामनेवाले मेरेकू गाल्यां देरें. सूरज लगाऊं क्या इसमें?"

आप्पा म्हनला, "लाव की. बसतो का बग."

दोगं हसलं. पन रशीदभाईनं हसता हसता आप्पाच्या तोंडाकडं जरा जादाच बगितलं. म्हंजे त्याचा दोष न्हवता. मग मला वाटलं आप्पा पितो. म्हातारपनी लागत असंल. एक दिवस चहा द्यायचं निमित्त करून लई जवळ गेले, वास घेतला. विभूतीचा वास आनि डिझेलचा, बाकी काय न्हाय. पन कप घेताना आप्पाचा हात कपाच्या बाजूनं गेला. मग अव्वानं त्याचा हात धरून कपाला लावला आनि मला म्हनली, "थंडीनं बोटं आखडत्यात त्यांची."

तवापासनं मी बघतच बसले. चपला कायम त्याच एका दगडावर ठिवलेल्या. पेपर यायचा, पन घडी मोडलेली दिसायची न्हाय. सकाळी जीप काडायच्या येळंला अव्वा मागं उभी राहून हातानं गाडीवर थापट्या मारायची, एक थापटी म्हंजे ये, दोन म्हंजे थांब. आदी कवा असलं करत न्हवती. मी इचारलं तर म्हनली, "व्यायाम होतोय मला."

एकदा आमी कुनाच्या तरी बारशाला चाललो हुतो जीपमदनं, अंदार पडायला लागलेला. मागांच्या कारखान्याच्या फाटकावर मोठा दिवा लावलाय, खांबावर, कायमचा. त्यो दिसला तसा आप्पानं लाईट खाली केला. वाट बगितली. मग पुटपुटला, "काय मानूस हाय, खाली करत न्हाय." आनि पुन्ना डिपर मारला. दिव्याला. गाडीत समद्यांना वाटलं आप्पा गंमत करतोय. मी हसले न्हाय. मी मनात म्हनलं, आगं, आप्पा लई दिवस झालं रस्ता सांगत न्हाय. उडी आली, खड्डा आला, त्यो गप. गचका बसल्यावर नुसतं म्हनतो, "बरोबर ऐती."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे म्हनलं, "त्या मानसानं तुला दवाखान्यात न्हेलं म्हनून तू आज बोलतीयस. गल्लीत असलं काय बोलू नगं." खरंच की. त्या मानसावर संशय घ्यायचा म्हंजे माजं मलाच कसं तरी व्हायचं. कार्तिकी पयलीत गेली तवापासनं आप्पाच्याच जीपमदनं जात हुती, आनि आप्पा तिला पुडच्या शीटवर बसवायचा. समद्या गल्लीत तिचा मान. मी बी खूश हुते.

थंडीत सकाळची शाळा म्हंजे निघताना अंदारच असतो. त्यात साखर कारखाने सुरू, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला. एका ट्रॅक्टरला दोन दोन जोडलेल्या, मागं ना लाल दिवा ना काय, ऊस भाईर लोंबत असतो, पंचर झाली की तशीच रस्त्यात उभी करून जात्यात. त्या दिवसात मी देवाला दिवा लावल्याबिगर पोरीला दाराभाईर काडत न्हवते.

एक दिवस कार्तिकी शाळंतनं आली ती कपाळाला टेंगूळ घिऊन. मी इचारलं काय झालं. खेळताना पडली असंल म्हनून हळद लावत हुते. तर म्हनली, "आई, आज मी ट्रॉली उशिरा सांगितली."

"कुनाला सांगितली?"

"आप्पाला. आमचा खेळ हाय की. समोर काय हाय ते मी मोठ्यानं सांगायचं. ट्रॉली, बैल, मानूस, वळन. मी सांगितलं की आप्पा ब्रेक मारतो. आज मी डबा बघत हुते. मग आप्पा लई जोरात थांबला, मागची समदी पोरं पुडं आली. मला रागावला न्हाय पन. आप्पा म्हनला, तू चांगली डायवर हायस."

हळदीची वाटी मी खाली ठिवली. माजी सहा वर्साची पोरगी, आनि मागं समद्या गल्लीची लेकरं, आनि ही गाडी हाकतीय. डबा बघत बघत.

त्या दिवशी मी ह्यांना काय सांगितलं न्हाय. सांगितलं असतं तर म्हनलं असतं, पोरांच्या खेळाचं काय मनावर घेतीस. अव्वाकडं गेले. अव्वा भाकरी थापत हुती. मी म्हनलं, अव्वा, आप्पांच्या डोळ्याला काय झालंय. अव्वानं भाकरी तव्यावर टाकली आनि म्हनली, "त्यांच्या डोळ्याला काय न्हाय झालं. बल्ब खराब येत्यात आजकाल." भाकरी करपली तरी तिनं उलटली न्हाय. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पानं हारन वाजिवला. पोरं येऊन मागं बसली. जीप आमच्या भिंतीकडं तोंड करून, इंजिन चालू, लाईट चालू. कार्तिकी दप्तर घिऊन निघाली तर मी तिला आत ढकललं, दाराला कडी घातली आनि बारक्याला कडंवर घिऊन भाईर आले. मला काय बोलायचं ते म्हाईत न्हवतं. बोलायला गेले असते तर रडले असते आनि मग कुनी ऐकलं नसतं. म्हनून मी काय बोललेच न्हाय. जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले, दोन ठिपक्यांच्या मदी.

त्यो पांढरा उजेड असा तोंडावर आला की माजं डोळं उघडंनात. बारक्यानं तोंड माज्या खांद्यात घातलं. जीपचं नाक माज्यापासनं हात दोन हात लांब. आप्पा शीटवर बसलेला, माज्याकडंच तोंड.

"कार्तिकी आली का रं?" आप्पानं मागं पोरांना इचारलं.

पोरं गप. मी गप.

"समोर कोन हाय?"

मी उबीच. आसपासच्या बाया दारात आल्या, कुनी दात घासत, कुनी केरसुनी हातात. समद्यांना मी दिसत हुते, माज्या पोलक्याचं बटन सुदीक दिसत असंल एवडा उजेड.

"आगं, कोन हाय का समोर? हाय तर बोला की."

मग मागनं एक पोरगं म्हनलं, "आप्पा, काकू हाय की. कार्तिकीची आई. बारकं बी हाय."

आप्पानं लगीच म्हनलं, "व्हय व्हय, दिसतीय की." पन त्याला उशीर झाला हुता, ते त्याला बी कळलं. लाईट बंद केला. इंजिन बंद केलं. मग आप्पा म्हनला, "उतरा रं पोरांनू. आज गाडीत काम निगालंय."

पोरं उतरली. आप्पा खाली उतरला, बोनेटवर हात ठिवत ठिवत माज्यापतूर आला. मला वाटलं शिवी दील. बारीक आवाजात म्हनला, "कवापासनं म्हाईत हाय तुला?"

मी म्हनलं, "आप्पा, तुमी रस्ता सांगायचं बंद केलं तवापासनं."

मग म्हनला, "सांगाया आदी दिसाया पायजे की गं."

गल्लीनं मला लई बोललं. पोरांना आता नाक्यापतूर चालत जाऊन बस धरायला लागायची. नळाला गेले की बाया ऐकू जाईल असं बोलायच्या, "ज्यानं जीव वाचिवला त्याचाच हिनं धंदा बसिवला." एक म्हनली, "तुज्या पोरीला न्हवतं पाठवायचं तर न्हवतं पाठवायचं, आमच्या कशाला उतरिवल्या?" मी नुसती माजीच पोरगी घरात ठिवली असती तर गल्लीत माजं नाव बी निगालं नसतं. आनि पुडं कोन सांगनार हुतं आप्पाला, ट्रॉली हाय म्हनून?

आप्पा मला एकदा बी बोलला न्हाय. आप्पाच्या पोराला सांगावा गेला, दवाखाना झाला. साखरंनं डोळ्याच्या आतला पडदा गेलाय, असं काय तरी. जीप इकायची ठरली. घेनारा यायच्या आदल्या दिवशी रशीदभाई गल्लीत आला आनि आप्पानं त्याच्याकडनं पांढरं बल्ब काडून जुनं पिवळं बसवून घेतलं. रशीदभाई म्हनला, "आप्पा, नये वाले रहने दो ना, गाडी अच्छी दिखती." आप्पा म्हनला, "नगं. समोरच्याच्या डोळ्यात जातो."

संध्याकाळी भिंतीवर उजेड मारला. खिडकीतनं पिवळा उजेड आत आला, लई दिवसांनी. भाईर आप्पानं कार्तिकीला हाक मारली. मी दारातच उबी. अजून बी माजा जीव त्याच्या हातात पोरगी द्यायला धजत न्हवता, नुसतं भिंतीपुडं उबं राहायचं असलं तरी.

"बग गं डायवर, कुटं पडलाय?"

"ठिपक्यावर, आप्पा. दोनी."

"मंद हाय का?"

कार्तिकीनं माज्याकडं बगितलं. मग म्हनली, "न्हाय आप्पा. मस्त हाय."

"मग बरोबर ऐती," आप्पा म्हनला, आनि भिंतीवर हात फिरवत फिरवत दोनी ठिपके हातानं चाचपून बगितले.

मग आप्पा आनि अव्वा मैंदर्गीला लेकीकडं गेली. गल्लीत कळलं आपरेशन झालं, आप्पाला चांगलं दिसतंय, पेपर वाचतोय. अव्वानंच फोनवर कुनाला तरी सांगितलं म्हनं. अव्वानं सांगितलं म्हनूनच माजा इश्वास बसला न्हाय.

औंदा मावसभनीच्या लग्नाला मैंदर्गीला गेलो हुतो. बाजारापाशी आमची वडापची, शीटा भरून चालनारी जीप थांबली, ऊन हुतं चांगलं लख्ख, दुपारचं. कार्तिकी खिडकीपाशी. ती म्हनली, "आई, आप्पा."

रस्त्याच्या कडंनं आप्पा येत हुता. कपाळाला पट्टे, खिशात गोळी, हातात काठी, पन काठी टेकवत न्हवता, काखंत धरलेली, दिसतंय मला म्हनून लोकांना दावायला असंल. चाल तीच, ताठ. आनि त्याच्या वाटंवर पुडं पंचर झालेली उसाची ट्रॉली उबी, मागनं ऊस लोंबत असलेला, बरुबर तोंडाच्या उंचीला. मी म्हनलं आता वळंल. आता वळंल. आप्पा सरळ.

कार्तिकीनं खिडकीतनं डोस्कं भाईर काडलं आनि वरडली, "आप्पा, ट्रॉली!"

आप्पा जाग्यावर थांबला. उसाचं शेंडं नाकापुडं. कोन वरडलं, कुटनं वरडलं, कायसुदीक बगितलं न्हाय. डावा पाय हुता तितंच, आनि उजवा पाय पुडं टाकून मातीत असा दाबला, असा दाबून धरला, की चपलंच्या भवतीनं धुरळा उडाला.

मग आमची जीप सुटली. आप्पानं आवाजाच्या अंगाला तोंड केलं, हात वर केला आनि मूठ दोनदा उघडझाप केली. आमी तवर पुडं गेलो हुतो. त्यानं हात केला त्या बाजूला मागनं येनारा टेम्पो हुता. टेम्पोवाल्यानं भर उनात डिपर मारला.